उंच निवासी इमारतीसाठी ऊर्जा कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र: नकाशापासून अंतिम तपासणीपर्यंत

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत जुन्या तीन-चार मजली गृहनिर्माण संस्थांच्या जागी पंचवीस-तीस मजली इमारती उभ्या राहत आहेत, आणि विकासकाच्या माहितीपत्रकात ‘ग्रीन बिल्डिंग’ हे शब्द आता क्लब हाऊस आणि जलतरण तलावाच्या रांगेत जाऊन बसले आहेत. या शब्दांमागे खरोखर एखादे प्रमाणपत्र असावे आणि त्या प्रमाणपत्रामागे खरोखर विजेची बचत असावी, असे ज्यांना वाटते त्या संस्थांच्या व्यवस्थापकीय समित्या, वास्तुविशारद आणि छोटे विकासक यांच्यासाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे सूत्र एकच आहे: उंच इमारतीचे प्रमाणपत्र गच्चीवर नव्हे, तर भिंतीत आणि खिडकीत मिळते किंवा हुकते, आणि तो निर्णय निविदा निघण्याआधीच होऊन गेलेला असतो.

पहिली पायरी: कोणते प्रमाणपत्र हवे ते ठरवा

भारतात निवासी इमारतींसाठी चार-पाच वाटा उपलब्ध आहेत आणि त्या एकमेकींना पर्याय आहेत असे समजणे चुकीचे ठरेल.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. ही संहिता म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, तर इमारतीने पाळायचे किमान निकष आहेत. तिचा पहिला भाग भिंती, खिडक्या आणि छत यांच्याविषयी आहे. पुढच्या भागात पंप, लिफ्ट, सामायिक दिवे आणि अक्षय ऊर्जा यांचा समावेश झाला, आणि २०२४ मध्ये संहितेची सुधारित आवृत्ती आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत मोठ्या निवासी इमारतीही आल्या आहेत. तरीही प्रत्यक्ष बंधन हे राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने आपापल्या नियमांत संहिता कशी स्वीकारली आहे यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात या विषयाची राज्यस्तरीय यंत्रणा म्हणजे महाऊर्जा.

याच ब्युरोची निवासी इमारतींसाठी तारांकन योजनाही आहे. फ्रिज किंवा एसीवर दिसतात तसे एक ते पाच तारे तीत सदनिकेला मिळतात, आणि ते दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट वीज लागते या निर्देशांकावरून ठरतात. या सगळ्या प्रमाणपत्रांपैकी केवळ ऊर्जेचाच हिशेब मागणारी ही एकच योजना आहे.

इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, आणि टेरी या संस्थेने नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासह विकसित केलेली ‘गृह’ ही मानांकने अधिक व्यापक आहेत. त्यांत पाणी, कचरा, बांधकाम साहित्य, जागेची निवड, घरातील हवा या सगळ्यांना गुण असतात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: गुणांची बेरीज अशी असते की ऊर्जेच्या प्रकरणात जेमतेम पात्र ठरलेली इमारतही बाकीच्या प्रकरणांच्या जोरावर बरे मानांकन मिळवू शकते. म्हणून विकासक ‘गोल्ड’ म्हणाला तर त्यातील ऊर्जेचे गुण किती, हा प्रश्न लगेच विचारावा.

जागतिक बँक समूहातील आयएफसी या संस्थेचे ‘एज’ हे प्रमाणपत्र त्या मानाने सुटसुटीत आहे. स्थानिक सरासरी इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्याच्या निर्मितीत खर्च होणारी ऊर्जा किंवा कार्बन, या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. ऊर्जेची बचत ४० टक्के झाली तर वरची श्रेणी मिळते. त्याचे गणन-सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे अर्ज करण्याआधीच आपण कुठे आहोत हे घरबसल्या पाहता येते. छोट्या विकासकाला मी प्रथम हाच अभ्यास करून पाहायला सुचवीन.

मुंबई महापालिकेचे क्षेत्र वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनासाठी मूळ चटई निर्देशांकावर (एफएसआय) ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र देण्याची तरतूद आहे. गृहचे तीन तारे किंवा आयजीबीसीचे सिल्व्हर असेल तर ३, चार तारे किंवा गोल्ड असेल तर ५, आणि पाच तारे किंवा प्लॅटिनम असेल तर ७ टक्के. कबूल केलेले मानांकन पुढे प्रत्यक्षात मिळाले नाही, तर दंडाचीही तरतूद आहे. विकासकाचा रस बहुधा या वाढीव क्षेत्रात असतो. त्यात गैर काही नाही, फक्त संस्थेने ते ओळखून वाटाघाटी कराव्यात.

दुसरी पायरी: अट निविदेत लिहा

पुनर्विकास सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील शासन निर्देशांनुसार होत असेल, तर प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमणे, व्यवहार्यता अहवाल आणि निविदा हा क्रम ठरलेला असतो. प्रमाणपत्राची अट या निविदेत आणि नंतर विकास करारनाम्यात आली नाही, तर पुढे ती आणता येत नाही, कारण तोपर्यंत भिंतींचा प्रकार आणि त्यावर बेतलेली किंमत पक्की झालेली असते.

अट लिहिताना ‘इमारत पर्यावरणपूरक असेल’ असे वाक्य निरुपयोगी आहे. कोणती योजना, कोणती श्रेणी, पूर्वप्रमाणपत्र बांधकाम परवानगीच्या कोणत्या टप्प्यावर, अंतिम प्रमाणपत्र भोगवटा प्रमाणपत्रानंतर किती महिन्यांत, आणि ते न मिळाल्यास बँक हमीतील किती रक्कम रोखली जाईल, हे सगळे आकड्यांत लिहावे. सल्लागारांच्या यादीत ऊर्जा-प्रतिरूपण करणारा, म्हणजे इमारतीचा वीजवापर आराखड्यावरूनच संगणकावर मोजून पाहणारा तज्ज्ञ वेगळा नमूद करावा आणि त्याचे काम वास्तुविशारदाचा पहिला आराखडा अंतिम होण्याआधी सुरू व्हावे. आराखडा मंजूर झाल्यावर बोलावलेला ऊर्जातज्ज्ञ फक्त दिवे आणि पंप बदलायला सांगू शकतो.

तिसरी पायरी: भिंत आणि खिडकी यांचा हिशेब

संहितेचा गाभा असलेला निर्देशांक आरईटीव्ही या नावाने ओळखला जातो. छत सोडून इमारतीच्या बाहेरील कवचातून, म्हणजे भिंती आणि खिडक्यांमधून, आत येणाऱ्या उष्णतेची दर चौरस मीटरमागची सरासरी तो सांगतो. थंड प्रदेश वगळता २०१८ च्या संहितेत त्याची कमाल मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. तो तीन भागांच्या बेरजेतून निघतो: भिंतीतून वहनाने येणारी उष्णता, काचेतून वहनाने येणारी उष्णता आणि काचेतून थेट शिरणारे ऊन. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी या तीन भागांचे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. तिसरा गुणक किती मोठा आहे हे पाहिले की उन्हाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्येक भिंतीला तिच्या दिशेचाही गुणक लागतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्र आणि गोव्यात, उत्तरेसाठी तो ०.६५९, दक्षिणेसाठी ०.९६६, पूर्वेसाठी १.१५५ आणि पश्चिमेसाठी १.१५६ आहे. म्हणजे तीच खिडकी उत्तरेऐवजी पश्चिमेला बसवली की तिच्यातून येणारी उष्णता सुमारे पावणेदोन पट मोजली जाते. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे मुंबईत मोठ्या काचा नेमक्या त्याच बाजूला लावल्या जातात, ही या शहराची कायमची अडचण आहे.

आता एक उदाहरण करून पाहू. चारही दिशांना सारख्याच क्षेत्रफळाच्या भिंती असलेला मनोरा घ्या. अॅल्युमिनियम साच्यात ओतलेली, ज्याला बांधकामावर ‘मायव्हान’ म्हणतात ती १५० मिलिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केली तरी तिचे यू-मूल्य ३.२७ च्या आसपास राहते. यू-मूल्य म्हणजे एक अंश तापमानफरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते ते. या इमारतीला एकही खिडकी ठेवली नाही तरी केवळ भिंतींमुळे आरईटीव्ही १६.६ येतो. मर्यादा तिथेच ओलांडली गेली. त्यात २० टक्के साध्या काचेच्या खिडक्या आणि थोडे छज्जे धरले तर आकडा २३ पर्यंत जातो, आणि काच बदलून उत्तम प्रतीची, म्हणजे फक्त ३० टक्के सौर उष्णता आत सोडणारी घेतली तरी तो १८.६ वरच थांबतो.

याच इमारतीत बाहेरच्या भिंती २०० मिलिमीटरच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या केल्या, ज्यांचे यू-मूल्य गिलाव्यासह सुमारे ०.७७ असते, तर साध्या काचेसह आरईटीव्ही १३ येतो आणि इमारत पात्र ठरते. पण मग उत्साहाच्या भरात खिडक्या २० वरून ४० टक्क्यांवर नेल्या तर तोच आकडा पुन्हा २२ होतो, आणि तो १३ वर आणण्यासाठी महागडी काच घ्यावी लागते. जो पैसा ब्लॉकच्या भिंतीने वाचवला तो काचेने खाल्ला, असा हा हिशेब आहे.

मायव्हान पद्धतीचा मोह समजण्यासारखा आहे, कारण स्लॅब लवकर ओतून होतात आणि मनुष्यबळ कमी लागते. ती पद्धत सोडायचीच नसेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे भार वाहणाऱ्या भिंती आतल्या बाजूला ठेवून बाह्य कवचाचा जास्तीत जास्त भाग ब्लॉकने भरणे. दुसरा म्हणजे काँक्रीटच्या भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देणे. दुसऱ्या मार्गात कोकणपट्टीच्या पावसात तो थर पाणी न धरता टिकला पाहिजे आणि उंच इमारतीत तो अग्निसुरक्षेच्या निकषांतही बसला पाहिजे, म्हणून स्वस्त थर्माकोलचा विचार येथे करू नये.

काच निवडताना गडद रंगाच्या मागे लागू नये. खिडक्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत आलाच पाहिजे, अशी संहितेची अट आहे. काळसर काच ऊन अडवते तसा उजेडही अडवते आणि मग दिवसा दिवे लागतात. पुरेसा खोल छज्जा ही जुनी रीत मात्र हिशेबात पुरेपूर उतरते, विशेषतः दक्षिणेच्या खिडकीवर. पश्चिमेचे तिरपे ऊन आडव्या छज्ज्याला जुमानत नाही, तिथे उभ्या फळ्या किंवा सरकत्या जाळ्या लागतात.

चौथी पायरी: उघडणारी खिडकी

बरेच आराखडे आरईटीव्हीत बसतात आणि येथे अडतात. उष्ण-दमट हवामानात सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के इतके क्षेत्र प्रत्यक्ष उघडता आले पाहिजे. ६० चौरस मीटरच्या सदनिकेला म्हणजे १० चौरस मीटर. दोन रुळांच्या सरकत्या खिडकीचा फक्त अर्धा भाग उघडतो, त्यामुळे तशा खिडक्या आणि बाल्कनीची दारे वापरून १० चौरस मीटर मिळवायचे तर २० चौरस मीटर चौकटी लागतील, आणि एवढी काच लावली की मागच्या पायरीतला हिशेब कोलमडतो. बिजागरीच्या खिडकीचा सुमारे ९० टक्के भाग उघडतो, म्हणून तिथे ११ चौरस मीटरमध्ये भागते. तीन रुळांची सरकती खिडकी मधला मार्ग आहे. तिसाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात बाहेर उघडणारी मोठी झडप धोक्याची असते, तेव्हा आत उघडणाऱ्या किंवा वर-खाली विभागलेल्या झडपांचा विचार करावा.

छताबद्दल थोडक्यात: संहितेनुसार त्याचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे. साध्या स्लॅबवर २५ ते ४० मिलिमीटरचा दाब सहन करणारा उष्णतारोधक फोम, त्यावर जलरोधक थर आणि पांढऱ्या फरशा एवढ्याने हे साधते. फायदा शेवटच्या मजल्यालाच होतो, पण ती अट अनिवार्य आहे.

पाचवी पायरी: एसी, पंप, लिफ्ट आणि वाहनतळ

एसीचे बाहेरचे युनिट कुठे बसेल हे आराखड्यातच ठरवावे लागते. अरुंद शाफ्टमध्ये तीस मजल्यांची युनिट एकावर एक आली की खालच्यांनी फेकलेली गरम हवा वरची युनिट ओढून घेतात आणि पाच तारे असलेला एसीही आपल्या ताऱ्यांप्रमाणे चालत नाही. बाहेर मोकळ्या हवेत उघडणारी, दुरुस्तीला पोहोचता येईल अशी जागा प्रत्येक सदनिकेला द्यावी.

पंपाचा हिशेब सोपा आहे आणि तो फारसे कोणी करत नाही. एक हजार लिटर पाणी १२० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्रानुसार ०.३३ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५५ टक्के असेल तर प्रत्यक्षात ०.५९. दोनशे सदनिका, प्रत्येकी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोज १३५ हजार लिटर, म्हणजे सुमारे ८० युनिट आणि वर्षाला २९ हजार युनिट. कार्यक्षमता ४५ टक्के असेल तर हेच रोजचे ९८ युनिट होतात, ६५ टक्के असेल तर ६८. त्याहून मोठी उधळपट्टी म्हणजे सगळे पाणी गच्चीवर चढवून खालच्या मजल्यांसाठी त्याचा दाब झडपांनी मारून टाकणे. मधल्या मजल्यावर एक टाकी ठेवून खालच्या निम्म्या इमारतीला तिथून पाणी दिले तर निम्मे पाणी पूर्ण उंची चढतच नाही. नंतर टाकीसाठी जागा सापडत नाही, म्हणून हे संरचनेच्या नकाशात यावे.

लिफ्टसाठी वेग नियंत्रित करणारा व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह, उच्च कार्यक्षमतेची मोटर, एकापेक्षा अधिक लिफ्ट असल्यास समन्वित नियंत्रण आणि रिकाम्या लिफ्टमधील दिवा-पंखा आपोआप बंद होणे, एवढे मागावे. वीस मजल्यांच्या वर ब्रेक लावताना वीज परत देणाऱ्या ड्राइव्हचाही खर्च मांडून पाहावा. तळघरातील वाहनतळात चोवीस तास फिरणारे पंखे हा सामायिक वीजबिलातील मोठा भाग असतो. कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या संवेदकांवर ते चालवले की बहुतेक वेळ ते बंद किंवा मंद राहतात. जिने आणि मार्गिकांत हालचाल ओळखणारे संवेदक लावावेत, मात्र आपत्कालीन दिवे त्यांच्यापासून वेगळे ठेवावेत.

सहावी पायरी: सौर पॅनेलबद्दल वास्तव अपेक्षा

मनोऱ्याच्या गच्चीचे क्षेत्र ५०० चौरस मीटर असेल तर टाक्या, लिफ्टची खोली आणि अग्निशमनासाठी मोकळी जागा सोडून साधारण अर्धे हाती उरते. एका किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर धरले तर २५ किलोवॉट, आणि किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर ३५ हजार युनिट. दोनशे कुटुंबांनी महिन्याला प्रत्येकी २०० युनिट वापरली तर त्यांची गरज ४ लाख ८० हजार युनिटांची होते. म्हणजे सौर वीज सात टक्क्यांच्या आसपास. वर काढलेला पंपांचा खर्च त्यातून भागतो, घरांतील एसीचा नाही. तरीही ती बसवावी: फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान जाहीर झाले होते, आणि मानांकनात तिला गुणही आहेत.

सातवी पायरी: बांधकामाच्या जागेवरचे कागद

पूर्वप्रमाणपत्र नकाशांवर आणि गणितावर मिळते. अंतिम प्रमाणपत्र पुराव्यांवर. एज योजनेत लेखापरीक्षक आराखड्याची आणि पुढे प्रत्यक्ष इमारतीची, अशी दोनदा तपासणी करतो, आणि इतर योजनांचाही भर बसवलेल्या वस्तूंच्या पुराव्यावर असतो. त्यासाठी एक माणूस पहिल्या दिवसापासून नेमावा.

त्याने जमवायचे कागद साधारण असे: ब्लॉकच्या घनतेचा आणि उष्णतावहनाचा प्रयोगशाळा अहवाल, काच उत्पादकाचे यू-मूल्य, सौर उष्णता आणि प्रकाशाचे आकडे असलेले पत्र, प्रत्येक मालाची चलने व बिले, पंप-मोटर-लिफ्टच्या नामफलकांची छायाचित्रे, उष्णतारोधक थर झाकला जाण्याआधीची तारखेसह छायाचित्रे आणि शेवटी प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे. छताचा थर फरशीखाली गेल्यावर तो होता हे सिद्ध करायला फक्त छायाचित्रच उरते.

सर्वांत जास्त गळती ‘किंवा समतुल्य’ या दोन शब्दांतून होते. निविदेत काचेचा ब्रँड लिहून पुढे हे शब्द टाकले की पुरवठादार दिसायला तशीच, पण दीडपट ऊन आत सोडणारी काच आणू शकतो. म्हणून ब्रँडपेक्षा आकडे लिहावेत: ‘सौर उष्णता गुणांक ०.३० पेक्षा जास्त नसावा, प्रकाश पारगमन ०.४० पेक्षा कमी नसावे’. कोणताही बदल ऊर्जातज्ज्ञाच्या लेखी संमतीविना मान्य होणार नाही, हे वाक्यही असावे. तो तज्ज्ञ बदललेल्या आकड्यांनिशी आरईटीव्ही पुन्हा काढून देईल, तेव्हाच माल उतरवून घ्यावा.

आठवी पायरी: ताबा आणि त्यानंतर

अंतिम तपासणीआधी सर्व यंत्रणा चालवून पाहण्याचा आठवडा राखून ठेवावा. पंखे संवेदकाला प्रतिसाद देतात का, पंपांची प्रत्यक्ष वीज आणि प्रवाह नामफलकाशी जुळतात का, सामायिक वापराचे स्वतंत्र उपमीटर लावले आहेत का, हे तेव्हाच कळते. लिफ्ट, पंप, वाहनतळ आणि दिवे यांना वेगवेगळे उपमीटर नसतील तर पुढे कोणत्याही वर्षी बिल का वाढले हे सांगता येणार नाही.

सदनिकाधारकांना दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत बाल्कनी काचेने बंद करणे, खिडकीची काच बदलणे आणि एसीचे युनिट ठरलेल्या जागेबाहेर लावणे यांविषयीचे नियम असावेत आणि नव्या संस्थेच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत त्यांना मंजुरी घ्यावी. बंद केलेली बाल्कनी उघडणाऱ्या क्षेत्राचा हिशेब एका फटक्यात बिघडवते.

इमारत आधीच उभी असेल तर

भिंती बदलता येत नाहीत, म्हणून क्रम उलटा होतो. बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ऊर्जा लेखापरीक्षकाकडून सामायिक वापराचे लेखापरीक्षण करून घ्यावे. त्यासाठी मागील बारा महिन्यांची बिले, मंजूर भार आणि पंप-लिफ्टची माहिती तयार ठेवावी. पंप आणि वाहनतळाचे पंखे आधी घ्यावेत, कारण गुंतवणूक तिथे लवकर वसूल होते. दिवे बहुतेक संस्थांनी आधीच बदललेले असतात. गच्चीचे जलरोधन नव्याने करायचे असेल तेव्हाच उष्णतारोधक थर घालावा, वेगळा खर्च काढू नये. पश्चिमेच्या सदनिकांसाठी इमारतभर एकाच नमुन्याचे छज्जे सर्वसाधारण सभेत ठरवावेत, आणि महापालिकेची परवानगी व संरचना अभियंत्याचे पत्र घेऊनच ते लावावेत. आयजीबीसीने उभ्या असलेल्या निवासी संकुलांसाठी स्वतंत्र मानांकन ठेवले आहे; या कामांपैकी निम्मी पूर्ण झाल्यावर आणि उपमीटरच्या वर्षभराच्या नोंदी हाती आल्यावर त्यासाठी अर्ज करणे सोयीचे पडते.